मधात धरण पाहिजे

टेंभरे भाऊजी कुणाच्या घरात सरळ शिरत नाहीत. आधी फाटकाशी उभे राहतात, मग अंगणात, मग ओट्यावर. आपण तिसऱ्यांदा "या" म्हटलं की पाऊल आत. मी दवनीवाड्याच्या शाळेत बदलून आले आणि त्यांच्या शेजारी राहायला लागले, तेव्हा मला वाटलं माणूस लाजाळू असेल. तसं काही नव्हतं.

"डायरेक्ट काही बरं नसते, मॅडम," त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं. "मधात धरण पाहिजे."

भाऊजींची सारी नोकरी इटियाडोह धरणाच्या कालव्यावर गेली. कारकून होते. पाऊस डायरेक्ट धानात घुसला तर धान आडवं होतं, तोच पाऊस धरणात घेतला तर हवा तेवढा सोडता येतो. एवढं कुणीही मान्य करेल. पण निवृत्तीनंतर भाऊजींनी हे धरण घरभर बांधलं. नळाचं पाणी आधी बादलीत, मग घागरीत, मग पितळी गुंडात, तेव्हा कुठे पेल्यात. राग आला तर आधी अंगणात फेऱ्या. आत पोचेपर्यंत राग ओसरलेला आणि वहिनींना कळायचंच नाही की नवरा आज रागावला होता. बायकोशी बोलायचं तर मी समोर असले की मीच धरण.

"मॅडम, हिले विचारा, भात टाकू काय."

वहिनी हातभर अंतरावर बसलेल्या. "सांगा त्याईले, टाका."

मी सांगायची. भाऊजी भात टाकायचे. मला शाळेला उशीर व्हायचा.

स्वयंपाक भाऊजींकडे आला तो वहिनींच्या श्वासामुळे. फुप्फुसं कामातून गेली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी घरात ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. दिवसभर घरघरणारा डबा, त्यातून निघालेली नळी नाकात. नळी काढून वहिनी फार तर अंघोळ उरकायच्या. मशीन विजेवर चालायचं, आणि आमच्याकडे त्या वर्षांत भारनियमन असं होतं की 'लाइन गेली' हे कुणी सांगत नसे. आली तर सांगायचे.

भाऊजींनी इन्व्हर्टर घेतला, दोन मोठ्या बॅटऱ्या घेतल्या, आणि त्या उतरायला लागल्या की भरायला हातात उचलून नेता येईल असा पेट्रोलचा जनरेटर घेतला. दुकानदार म्हणाला, मशीन जनरेटरलाच लावा की सरळ. त्या दुकानात भाऊजी परत गेले नाहीत.

"जनरेटर म्हणजे नाल्याचा पूर," ते मला म्हणाले. "कधी चढते, कधी उतरते. मशीनच्या पोटात डायरेक्ट पूर सोडाचा काय?" म्हणून जनरेटरची वीज इन्व्हर्टरला, इन्व्हर्टरची मशीनला. या एका बाबतीत त्यांचं धरण मला पटलं.

मग सालेकशाकडून लग्नाची पत्रिका आली. वहिनींच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न, तेही आजोळी, म्हणजे वहिनींच्या माहेरी. आजारपण लागल्यापासून वहिनी माहेरी गेल्या नव्हत्या. माहेर जंगलाच्या कडेला, दिवसा तिथे लाइन नसायचीच.

"सांगा त्याईले," वहिनी म्हणाल्या, "मले हळदीले जायचं आहे."

अंगणात खूप फेऱ्या झाल्या. आणि एका सकाळी त्यांच्या दारात एक जुनी मॅटाडोर उभी होती. आधी ती मंडपाचं सामान वाहायची. भाऊजींनी आतली बाकं काढून खाट बसवली. खाटेखाली इन्व्हर्टर, शेजारी ट्यूबच्या रबरी पट्ट्यांनी आवळलेल्या बॅटऱ्या, छताला पंखा, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. जनरेटर मागच्या दाराशी. तो गाडी थांबल्यावर खाली उतरवून बाहेरच चालवायचा, कारण धूर आत गेला तर सगळंच मुसळ केरात.

गावाला विषय मिळाला.

"भाऊजी, हे ॲम्ब्युलन्स होय का आइसक्रीमची गाडी?"

"चालतं घर होय."

"मंग ग्रामपंचायतीत घरपट्टी भरा न."

भाऊजी हसले नाहीत. वहिनींना आत झोपवून त्यांनी गाडी अंगणातल्या अंगणात पुढे-मागे केली. जनरेटर दाराशी ठेवून बॅटऱ्या भरून पाहिल्या. सगळं चाललं. सोबत एक बाईमाणूस हवं म्हणून मला घेतलं, आणि आम्ही निघालो.

दुपारी माहेरी पोचलो. गाडी मागे घेत घेत मंडपाला चिकटवली, दार उघडलं, आणि वहिनी खाटेवर बसल्या बसल्याच लग्नात आल्या. बहिणींनी आधी रडून घेतलं, मग पडद्यांना नावं ठेवली. हळद जात्यावर पडली होती, गाणी सुरू होती. वहिनींनीही तोंड हलवून एक ओळ म्हटल्यासारखं केलं.

लाइन संध्याकाळी यायची होती. बॅटऱ्या उतरत आल्या तसे भाऊजी जनरेटर घेऊन चालायला लागले. दारापासून, मंडपापासून, गोठ्यापासून लांब, पार बांधापलीकडे. मंडपवाल्याची दिव्यांच्या माळांची बारीक वायर मागून आणली होती, ती सोडत सोडत गेले.

"काऊन एवढ्या दूर, भाटवे?" मेव्हणीने विचारलं.

"गाणे होऊन राहिले न. लोकाईले त्रास."

जनरेटर सुरू झाला. मंडपात त्याची भुणभुणसुद्धा येत नव्हती. मी मनात शाबास म्हटलं. आणि थोड्या वेळाने खाटेखालून इन्व्हर्टर टूं टूं करायला लागला.

भाऊजी धावत आले. वायर काढली, लावली. परत बांधापलीकडे गेले, परत आले. "घेऊनच नाही राहिला," म्हणाले. तोंड उतरलेलं. इन्व्हर्टरची टूं टूं वाढली. वहिनी मशीनकडे बघायला लागल्या आणि त्यामुळे त्यांना जास्तच धाप लागली. मेव्हणी म्हणाली, गोंदियाच्या दवाखान्यात घेऊन चला. वहिनींनी खाटेची कड धरून मान हलवली. नाही.

"घरी चाललं तेव्हा जनरेटर कुठे होता?" मी विचारलं.

"दाराशी."

"मग दाराशी आणा."

"अन् गाणे?"

"भाऊजी, आणा."

मंडपातल्या दोघांनी जनरेटर उचलून आणला. घरची जाड, आखूड वायर लावली. दोरी ओढली, धडधड सुरू झाली, आणि जरा वेळाने खाटेखाली टक् असा आवाज झाला. हिरवा दिवा लागला. टूं टूं थांबली. एवढ्या लांब बारीक वायरीतून वीज पोचेपर्यंत अर्धमेली होत होती, आणि तसली वीज इन्व्हर्टर आत घेत नव्हता, इतकंच. वहिनींची धाप हळूहळू ओसरली. मेव्हणीने मला पाणी दिलं.

आता कुणाचंच कुणाला ऐकू येईना. बायका गात होत्या, पण नुसती तोंडं हलत होती. भाऊजी जनरेटरजवळ उकिडवे बसले होते, चेहरा पाडून.

मला राग आला. त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "आता काय झालं? मशीन चालू आहे ना?"

"ऐकू नाही येऊन राहिलं."

"कुणाला?"

"मले." मग ते खाली बघत बोलले, मला ओठांवरून समजून घ्यावं लागलं. "हे आल्याबरोबर गायली न. एक ओळ. दुखणं लागल्यापासून पहिल्यांदा. लग्न झालं तवा रोज गाये. धान निंदताना गाये. मी कालव्यावरून ऐको."

मी तिथून उठले.

जनरेटर तासाहून जास्त धडधडला. ऊन कलायला लागलं. भाऊजींनी आत वाकून बॅटरीचे दिवे पाहिले, बाहेर आले आणि जनरेटर बंद केला.

त्या शांततेत बायका एकदम आपल्याच ओरडण्यात सापडल्या. हसल्या. मग आवाज खाली आणून त्यांनी तीच ओळ पुन्हा धरली. गाडीतून वहिनींनी दोन शब्द म्हटले. श्वास घेतला. आणखी दोन म्हटले. मंडपातल्या बहिणी शेवटचा सूर लांबवून थांबायच्या, वहिनींचा श्वास आला की पुढे निघायच्या. कुणी कुणाला तसं सांगितलं नव्हतं.

भाऊजी गाडीच्या पायरीवर बसले होते, पाठ आतल्या बाजूला. कुणीतरी जेवायला बोलवायला आलं, त्याला त्यांनी तळहाताने तिथेच थांबवलं.

"बॅटरी पुरेल?" मी हळूच विचारलं.

"गाणं होऊन उरते," ते म्हणाले.