देवाजी काकाजींची घरगाडी

आमचे शेजारी देवाजी काकाजी गाडीत चढताना चपला बाहेर काढून ठेवतात. गाडी निघते, चपला रस्त्यातच राहतात आणि पुढच्या मुक्कामी काकाजी अनवाणी उतरतात. वर आम्हालाच ऐकवतात, "घरात चपला घालून कोनी जाते काय?"

कारण ती गाडी नाही, घर आहे. जन्मभर भंडाऱ्यात हातमागाच्या लुगड्यांचा व्यापार केला. काकू गेल्यावर दुकान भावाच्या हवाली केलं, जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि तिच्यातल्या खुर्च्या हाकलल्या. आत दिवाण, गॅसचा ओटा, देव्हारा, दाराला तोरण. थांबेल तिथे रांगोळी. मी बरोबर गेलो तेव्हा टोलनाक्यावरही रांगोळीचा डबा काढला होता, मीच हात धरला.

एवढा थाट, पण जायचं कुठे? दरवेळी सानगडीजवळचा तोच तलाव. "काकाजी, जरा लांब जा की," म्हटलं तर उत्तर ठरलेलं: "कायले? तलाव का वाईट हाय?"

गेल्या हिवाळ्यात मलाही नेलं. एका रात्रीचा मुक्काम. मी पक्का आळशी, पण सकाळी काकाजींनी पांघरूण ओढलं. "चाल बापू, पाळीवरून फिरून येऊ."

तलावाच्या मातीच्या पाळीवरून चालत निघालो. एका बाजूला पाण्यावर धुकं आणि बदकं, दुसऱ्या बाजूला धान कापलेल्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, पेरलेल्या लाखोळीची निळी फुलं. खोटं कशाला सांगू, मला फार छान वाटलं. इतक्या वर्षांत कोणी आपल्याला उठवलं का नाही, म्हणून जरा रागही आला.

काकाजींचं मात्र फुलांकडे लक्षच नव्हतं. नजर सारखी गावाच्या वाटेवर. "आज येते का नाही, देव जाने."

"कोण?"

"शालू."

शालू ही त्यांची एकुलती एक लेक, याच गावात दिलेली. घरी म्हशी, अंथरुणाला खिळलेली सासू. लग्नानंतर माहेरी राहायला येणं जवळजवळ बंदच.

"मग तिच्याकडेच उतरा ना!"

"लेकीच्या घरचं पानीबी नाही घेत आमी. मुक्काम कसा करू? अन् तिले घर सोडता येत नाही. मंग माहेरच घेऊन येतो मी."

या गाडीवर मी गल्लीभर विनोद केले होते.

परतल्यावर काकाजींनी स्वयंपाक केला आणि झाकून वाट पाहत बसले. ऊन चढल्यावर शालू लगबगीने आली. आल्या आल्या ओट्याकडे वळली, तर काकाजींनी तिच्या हातातला झारा काढून घेतला.

"बस तू. माहेराले येऊन काम करतेस काहून?"

"मीठ जास्त झालं, बाबा," म्हणत तिनं लाखोळीच्या पाल्याची भाजी दोनदा मागून घेतली. मग दिवाणावर जरा टेकली आणि बघता बघता गाढ झोपली.

आम्ही बाहेर आलो. तेवढ्यात मोठ्यानं गाणी लावलेला ट्रॅक्टर पाळीवर आला. काकाजी धावत आडवे गेले, हात जोडले.

"गानं बंद कर, बापा. लेक झोपली हाय माही."

"शालूवहिनी?" गावातलाच पोरगा तो, त्याला खरं वाटेना. "दिवसा झोपली?"

त्यानं गाणं बंद केलं. मग इंजिनही बंद करून तो खाली उतरला, आणि ती उठेपर्यंत आम्ही तिघं काही न बोलता पाळीवर बसून राहिलो.