बिनआवाजाची लढाई

रिमोट खुर्चीवर ठेवून मी त्याच रिमोटवर बसलो.

वजन माझं, खुर्ची मनोहरभाऊंची आणि समोर वकीलसाहेब पाहुणे. यापेक्षा वाईट मुहूर्त अख्ख्या बालाघाटात कोणाला सापडला नसता. पण आधी मनोहरभाऊ कोण ते सांगतो, म्हणजे मी नेमका कशावर बसलो ते कळेल.

मनोहरभाऊ माझे शेजारी. पीडब्ल्यूडीत नकाशे काढण्यात त्यांची नोकरी सरली आणि निवृत्तीनंतर त्यांनी युद्धाचे सिनेमे पाहायला घेतले. तेही टीव्हीचा आवाज बंद करून. तोफा मुक्या, विमानं मुकी, सेनापती नुसता जबडा हलवतोय. कोणी रिमोटकडे हात नेला की भाऊ तो हात धरायचे. "आवाज बंद, डोये उघडे. आवाजानं माणूस दचकते. ताण चित्रानं येते. दचकवाले तं ऑटोवाला बी पुरते."

हातात कायम फूटपट्टी. ती टीव्हीच्या काचेला लावून ते नकाशा तपासावा तसा सिनेमा तपासत. त्यांचा लाडका प्रसंग एका जुन्या, काळ्यापांढऱ्या परदेशी सिनेमातला. शिपायांची एक तुकडी गव्हाचं शेत ओलांडते, बस. गोळी सुटत नाही, शत्रू दिसत नाही.

"भाऊ, याच्यात लढाई कुठं हाय?" मी पहिल्यांदा विचारलं. उत्तर आलं नाही. मोठी माणसं विषयात गुंग झाली की असंच होतं, असं मी समजलो.

"हे आभाळ पाहा," पट्टी काचेवर फिरली. "सगळं आभाळच. अन् शिपाई मुंगीएवढे. माणूस लहान केला का पाहणाऱ्याचा जीव वर येते. आता कॅमेरा खाली गेला, पार जमिनीले लागला. समोर नुसत्या ओंब्या. शिपायाले दिसत नाही अन् तुले बी दिसत नाही. फसला का नाही तू त्याच्यासंगं? अन् विनायका, शत्रू दाखवाचाच नसते. त्याची चाहूल लागलेले चेहरे दाखवाचे. हा पाहा, थांबला. मागचा बी थांबला. काहून थांबला, कोणी सांगत नाही."

मी चिवड्याचा घास चावायचा विसरलो. तेव्हापासून तिरोडीला सासुरवाडीत धानाच्या बांधावरून जाताना मी वाकून चालतो. सासरे त्याला आदर समजतात.

हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळात गणपतीला दरवर्षी नागपूरहून वक्ता येतो. यंदा आपण बोलावं, असं भाऊंच्या फार मनात होतं. त्यांनी आयुष्यात कोणापाशी काही मागितलं नाही. हे मात्र मागितलं. मंडळाचे अध्यक्ष वकीलसाहेब म्हणाले, आधी नमुना दाखवा. म्हणून ते रविवारी भाऊंच्या घरी आले. भाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला, पट्टी पुसून घेतली आणि माझ्याकडे एकच काम दिलं. रिमोट सांभाळ.

तो मी, वहिनींच्या हातून पोह्यांची बशी घ्यायला उठताना, खुर्चीवर सांभाळून ठेवला. आणि बशी घेऊन बसलो.

टीव्ही फुटल्यासारखा ओरडला. त्या निवांत शेतावर नगारे, तुताऱ्या आणि पोत्यानं व्हायोलिनं एकदम वाजायला लागली. इतकी वर्षं आम्हाला त्यांचा पत्ताच नव्हता. वकीलसाहेबांचा चहा त्यांच्या पॅण्टवर गेला. "अरे यार, बंद करो इसे," ते म्हणाले. मी रिमोट शोधत होतो, बसल्या जागेवरून, टेबलाखाली. जितका वाकत होतो तितका आवाज चढत होता.

भाऊ आमच्याकडे पाठ करून उभे होते. पट्टी काचेवर, स्वर शांत. "अन् साहेब, हिंमत पाहा याची. कोणताच बाजा वाजवला नाही. गरजच नाही बाजाची."

मग दाद घ्यायला ते वळले. वकीलसाहेबांचे हात कानांवर होते. माझं तोंड उघडं होतं. भाऊंनी एक चेहरा पाहिला, दुसरा पाहिला, आणि पट्टी हळूहळू खाली आली. चेहरे वाचण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

वहिनी आल्या. "उठा, भाऊजी." माझ्याखालचा रिमोट काढला, आवाज बंद केला आणि नवऱ्याच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या. "तुमचं बोलणं चालू ठेवा," एकेक अक्षर सुटं करून म्हणाल्या.

भाऊंनी घसा खाकरला. "तं साहेब... आभाळ." आणि त्यांनी ती तुकडी शेताच्या पलीकडे नेऊन सोडली. वकीलसाहेब ओल्या पॅण्टनिशी शेवटपर्यंत हलले नाहीत. निघताना तेही भाऊंच्या समोर येऊन सावकाश म्हणाले, "गणपतीत दुसरा दिवस तुमचा. सिनेमाचा आवाज बंदच ठेवू."

"बंदच पाहिजे," भाऊ म्हणाले आणि त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले.

वहिनी फरशीवरचा चहा पुसत होत्या. मी हळूच विचारलं, "वहिनी, भाऊले ऐकू येत नाही काय?"

"हौ."

"कधीपासून?"

"नात बोलाले लागली तेव्हापासून तं काहीच नाही. ती फोनवर काय काय सांगते अन् हे नुसते हौ हौ करतात. फोन ठेवला का मले इचारतात, आवाज कोणावर गेला पोरीचा?" त्या टेबलाखालचा चहा पुसायला सरकल्या. "कानाची मशीन आणू म्हटलं तं दिवसभर जेवले नाही. टीव्हीचा आवाज सगळ्यांसाठीच बंद असला का ते एकटेच बाहेर राहत नाही. म्हणून मी बी तसंच पाहते."

मला काही पटेना. "पण वहिनी, माह्या गोष्टींवर तं ते पोट धरून हासतात."

वहिनींनी फडकं बादलीत पिळलं.

"त्याच्यावरूनच तं मले पयल्यांदा शंका आली."