बेबीताईंच्या रेशमाचं दुसरं टोक

नागपुरात मे महिन्यात पाहुणा आला की आधी पंखा लावतात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बेबीताई चालू असलेला पंखा बंद करतात. "बसा जी. पण जोरात श्वास नका घेऊ," असं वर सांगतात.

कारण इतरांच्या हॉलमध्ये जिथे टीपॉय असतो, तिथे बेबीताईंचा सहा फुटी ट्रे असतो. त्यात मेथीदाण्यांचं बुळबुळीत पाणी. त्यावर रंगाचे थेंब सोडायचे, फणीने ओढून नक्षी काढायची आणि वरून रेशमी कापड अलगद टेकवायचं. नक्षी कापडावर उतरते. असे स्टोल आणि रुमाल करून त्या घरूनच विकतात. वाऱ्याने पाणी हललं की मोराचा कावळा होतो, असं त्यांचं म्हणणं.

एकदा एक बाई मोबाइलवर फोटो दाखवून म्हणाल्या, "सेम टू सेम असाच पाहिजे."

"माझ्या हातात काही नाही वं. पान्याले विचार."

त्या बाई खरोखरच ट्रेवर वाकल्या. जाताना दोन स्टोल घेऊन गेल्या.

पण कापड टेकवणं हे दोघांचं काम. चार कोपरे, चार हात. आधी मधला भाग टेकवायचा, मग दोघांनी हळूच टोकं सोडायची. जरा हात हलला की खाली हवा अडकते आणि नक्षीत पांढरा फोड उमटतो. हे दुसरं टोक सोळा वर्षं त्यांच्या यजमानांनी धरलं. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि त्या जागी माझी नेमणूक झाली. बँकेतून निवृत्त झालेला आणि दुपारी चार वाजता घरी सापडणारा, एवढीच माझी पात्रता.

"हात हलून राहिला तुमचा!"

"नाही हो ताई."

"मंग काय भूकंप होऊन राहिला? बँकेत सह्या कशा केल्या जी तुम्ही?"

एकदा मी शिंकलो. तो स्टोल त्यांनी मलाच देऊन टाकला. "घ्या. आठवण राहीन." आमच्या हिने तो मिक्सरवर झाकायला घेतला.

गेल्या महिन्यात एका लग्नासाठी चाळीस स्टोलांची ऑर्डर आली. त्यांची आजवरची सगळ्यात मोठी. शनिवारी द्यायची होती. बुधवारी आम्ही सुरुवात केली आणि पहिले तिन्ही स्टोल फोडाचे निघाले. "तुमच्यापेक्षा काठी बरी," त्या म्हणाल्या. उन्हाने माझंही डोकं तापलं होतं. "मग काठीलाच बोलवा," म्हणून मी तरातरा खाली आलो. गुरुवारी गेलो नाही. वरून हाकही आली नाही.

शुक्रवारी मात्र राग ओसरला. माझ्या रुसव्यापायी एकट्या बाईची ऑर्डर बुडणार! माफी मागायची तयारी करून सकाळीच वर गेलो. दार उघडंच होतं.

ट्रेच्या पलीकडे दोन खुर्च्या, त्यांवर आडवी काठी, काठीला चिमट्यांनी लावलेली रेशमाची दोन टोकं. बेबीताईंनी आपल्याकडची टोकं सोडली, पलीकडे जाऊन काठी हळूच खाली घेतली, मग कापड उचललं. एक फोड नाही. मागे दोऱ्यांवर असेच स्टोल ओळीने वाळत होते. मी मोजले. त्यांच्या हातातला धरून अडतीस.

"हे कधी शिकलात, ताई?"

"हे गेले त्याच महिन्यात."

"मग दोन वर्षं मला काहून बोलावता?"

त्यांनी हातातला ओला स्टोल दोरीवर टाकला. त्याची सरळच असलेली कडा पुन्हा सरळ केली.

"काठीनं फोड येत नाही, भाऊ. आन् आला तरी काठीवर रागावू कशी? हे सोळा वर्षं रोज आयकून घेत होते. एका शब्दानं उलटून नाही बोलले. आता दिवसभर माझा आवाजच निघत नाही घरात."

ज्या बोलण्यावर मी रुसलो होतो, त्या बोलण्यासाठीच मला रोज चार वाजता हाक येत होती. दोन स्टोल अजून बाकी होते. त्यांनी रंग सोडून नक्षी काढेपर्यंत मी काठीचे चिमटे काढले आणि नव्या कापडाची दोन टोकं धरून समोर उभा राहिलो.

"हात पुसले का जी?"

हात कोरडे ठणठणीत होते.

"नाही," मी म्हणालो. आणि बेबीताई मला मनसोक्त रागावल्या.