अर्जासोबत जाणारे हत्तरगे सर

आमच्या विद्यापीठात एखादा अर्ज आस्थापना विभागातून कुलसचिवांच्या कार्यालयाकडे निघाला की त्याच्यासोबत भूशास्त्राचे हत्तरगे सरही निघतात. पुढे शिपाई, शिपायाच्या बगलेत फाइल आणि दोन पावलं मागे सर. फाइल ज्या टेबलावर पडते त्या टेबलासमोर सर बसतात. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती हलली नाही तर तिथेच डबा उघडतात. कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही. भाकरी मोडल्याचा आवाज एवढा होतो की टेबलापलीकडचा माणूस दचकतो. सर कधी आवाज चढवत नाहीत, नियमावर बोट ठेवत नाहीत, कुणा आमदाराची ओळख सांगत नाहीत. "तुमचं चालू द्या की," एवढंच म्हणतात. समोर असं कुणी बसलेलं असताना आपलं चालू ठेवणं किती अवघड असतं ते एकदा करून बघावं.

अर्ज त्यांचा नसतो, हे सांगायचं राहिलं. स्वतःसाठी सरांनी रजेच्या अर्जाशिवाय दुसरा अर्ज कधी केलेला नाही, आणि रजा ते घेत नाहीत. अर्ज असतो दुसऱ्या कुणाचा तरी. कुणाची वेतनवाढ अडलेली असते, कुणाची प्रयोगशाळा कुलूपबंद असते, कुणाला न विचारताच दूरच्या उपकेंद्रावर पाठवलेलं असतं. सर त्या अर्जाला सोबत करतात.

"अर्ज म्हंजे लहान लेकरू असतंय," ते म्हणतात. "गड्ड्याच्या जत्रेत हात सोडला की हरवलं. मग बोंबलत फिरा."

विद्यापीठाचं नाव मी सांगत नाही, कारण नाव सांगितलं की खुलासा मागवतात. मी तिथे इतिहास शिकवतो आणि सरांच्या शेजारच्या खोलीत बसतो. मधली भिंत प्लायवूडची असल्यामुळे त्यांच्याकडे आलेली प्रत्येक तक्रार मलाही ऐकू येते. इतिहासाच्या माणसाला हरणाऱ्यांची बाजू एवढ्या जवळून ऐकायची सवय नसते. मी शिकलो.

आमच्याकडे तक्रार निवारणाची व्यवस्था चोख आहे. समिती आहे, समितीची पितळी पाटी आहे, पाटी पुसायला माणूस आहे. इथे तक्रार कधीही फेटाळली जात नाही. फेटाळणं असभ्य. ती पुढे पाठवली जाते. कधी 'अभिप्रायार्थ', कधी 'उचित कार्यवाहीसाठी', कधी नुसतीच 'माहितीस्तव सविनय सादर'. इतक्या नम्रपणे माणसाला वाटेला लावलेलं मी इतरत्र पाहिलेलं नाही. शिवाय प्रत्येक तक्रार 'योग्य मार्गाने', म्हणजे आपल्या विभागप्रमुखामार्फत यावी लागते. तक्रार विभागप्रमुखाविरुद्धच असली तर काय करावं, याचा विचार नियम करणाऱ्यांनी केला नव्हता. ते सगळे विभागप्रमुख होते.

रसायनशास्त्राच्या डॉ. लावण्या येमूल याच जागी अडकल्या.

येमूल मॅडमचे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करून निवृत्त झालेले. मॅडम घरात तेलुगू बोलतात, बाहेर मराठी आणि वर्गात इंग्रजी. आणि तिन्ही भाषांत हळूच बोलतात. कारखान्यांतलं रंगाचं सांडपाणी मातीचं काय करतं, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. स्कूटीला कॅन लटकावून त्या नाल्यानाल्यांतून पाणी भरून आणत. वाटेतले लोक त्यांना दूधवाली समजून भाव विचारत. शोधनिबंध तयार झाला तेव्हा विभागप्रमुखांनी सुचवलं की त्यावर त्यांचंही नाव असावं, आणि ते आधी असावं. विभागप्रमुखांना मी इथे विभागप्रमुखच म्हणणार आहे. त्यांनाही तेच आवडतं.

मॅडम हळूच 'नाही' म्हणाल्या. त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात 'काम समाधानकारक नाही' असा शेरा आला. आदल्या वर्षी त्याच हाताने 'उत्कृष्ट' लिहिलं होतं. मॅडमची नोकरी अजून कायम झाली नव्हती आणि परिवीक्षेची मुदत महिनाअखेरीला संपत होती. शेरा राहिला असता तर नोकरी राहिली नसती.

त्यांनी थेट कुलगुरूंकडे तक्रार केली. ती 'योग्य मार्गाने सादर करावी' या शेऱ्यासह परत आली. मग त्यांनी तीच तक्रार, ज्याच्याविरुद्ध होती त्याच माणसाच्या हातात नेऊन दिली. विभागप्रमुखांनी ती शांतपणे वाचली आणि खाली लिहिलं, 'अर्जात तथ्य नाही. तरी उचित कार्यवाहीसाठी शिफारस.' कागद वर गेला. वरून तो विधी अधिकाऱ्यांकडे गेला, तिथून कुलसचिवांकडे आणि कुलसचिवांनी तो 'अभिप्रायार्थ' पाठवला. कुणाकडे, ते सांगायला नको.

एका दुपारी प्लायवूडपलीकडून मला येमूल मॅडमचा आवाज ऐकू आला. म्हणजे मला कान लावावा लागला.

"सर, मी राजीनामाच देते. काढून टाकण्यापेक्षा बरं दिसेल."

"कुणाला बरं दिसंल?"

"घरी. नाना सगळ्यांना सांगत फिरतात, पोरगी प्रोफेसर आहे म्हणून."

"मग ती हायच की." खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "कशाला घाबरायलाव? अर्ज कुटं हाय आत्ता?"

"विभागप्रमुखांच्याच टेबलावर आहे, सर."

"यप्पा! लेकरू लांडग्याकडं राखायला दिलाव, आणि हितं बसून रडायलाव? चला."

दुसऱ्या दिवसापासून सर रसायनशास्त्र विभागात बसायला लागले. विभागप्रमुखांच्या टेबलासमोरच. विभागप्रमुखांनी आधी दुर्लक्ष केलं, मग चहा विचारला, मग काय काम आहे ते विचारलं.

"माझं कायच न्हाय," सर म्हणाले. "अर्ज एकटा होता, म्हणून आलो."

विभागप्रमुख सभ्य माणूस आहेत, ते कुणाला हाकलत नाहीत. पण सरांनी डबा उघडला आणि तेवढ्यात बाहेरगावचे पाहुणे प्राध्यापक आत आले. पाहुण्यांसमोर भाकरी कडाडकन मोडली. त्या दिवशी अर्ज अभिप्रायासह पुढे गेला. सर आस्थापना विभागात जाऊन बसले. तिथल्या जाधवबाई जुन्या. त्यांनी सरांना बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"आलाव का, सर? बसा. आज कुणाचं घेऊन आलाव?"

"रसायनचं. तुमचं चालू द्या की."

"कसलं चालू द्या! चटणी ठेवा जरा इकडं, आणि द्या ती फाइल."

अशा रीतीने, सगळे तज्ज्ञ अशक्य म्हणत असताना, महिना संपायच्या आत समितीची बैठक लागली.

तक्रारदाराला सोबत एक सहकारी आणता येतो, असं नियमात आहे. ते वाचणारा माणूस सरांच्या आधी झाला नसावा. मॅडमसोबत सर आत गेले. मला इतिवृत्त लिहायला बोलावलं होतं. इतिहासाच्या माणसाला बोलावून, घडलं त्यापेक्षा वेगळं लिहून घ्यायची आमच्याकडे प्रथा आहे. टेबलापलीकडे मधोमध अध्यक्ष, म्हणजे एक निवृत्त प्राचार्य. 'मी फार बोलणार नाही' असं म्हणून ते बोलायला लागले की खिडकीबाहेरचं ऊन सरकतं. त्यांच्या उजवीकडे बाहेरच्या सदस्य, एक निवृत्त न्यायाधीश बाई. आणि डावीकडे, समितीवर विभागप्रमुखांचे प्रतिनिधी म्हणून, आपले विभागप्रमुख.

येमूल मॅडमनी ते पाहिलं आणि त्या हातातला रुमाल पिळायला लागल्या.

"सायेब," हत्तरगे सर उभे राहून अध्यक्षांना म्हणाले, "ज्यांच्याविरुद्ध तक्रार हाय ते तिकडं बसलेत."

अध्यक्षांनी यादी पाहिली. "ते समितीचे रीतसर सदस्य आहेत. त्यांना वगळण्याची तरतूद दिसत नाही."

"मी पूर्ण तटस्थ राहीन," विभागप्रमुख म्हणाले.

मला वाटलं, आता सर भांडतील. सर भांडले नाहीत. आपल्या शेजारची रिकामी खुर्ची त्यांनी पुढे ओढली आणि तिच्यावरची धूळ हाताने झाडली.

"तरतूद न्हाय तर न्हाय. मग असं करू की, सर. तुमी सदस्य म्हणून तिकडनं प्रश्न विचारा. मग हितं येऊन बसा आणि उत्तर द्या. परत तिकडं जा. आमाला घाई न्हाय."

अध्यक्षांनी यात नियमबाह्य काय आहे याचा विचार केला. त्यांना काही सापडलं नाही. "हरकत नसावी," ते म्हणाले.

विभागप्रमुखांनी तिथेच बाजूला व्हायला हवं होतं. पण मोठा माणूस एकदा खुर्चीत बसला की तिच्यातून उठण्यापेक्षा दोन खुर्च्यांत बसणं त्याला सोपं वाटतं. त्यांनी घसा साफ केला.

"या संशोधनाला विभागप्रमुखांचं मार्गदर्शन होतं की नव्हतं?" त्यांनी विचारलं. मग उठले, टेबलाला वळसा घातला, इकडच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "होतं."

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढून पुसला.

"पाणी कुठलं होतं, सर?" हत्तरगे सरांनी शेजारी बसलेल्या विभागप्रमुखांना अगदी घरगुती आवाजात विचारलं.

"कसलं पाणी?"

"संशोधनातलं."

विभागप्रमुखांनी तिकडच्या आपल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. तिच्याकडून काही मदत आली नाही. "सोलापूरचं," ते म्हणाले.

"सोलापूर मोठं आहे हो," न्यायाधीश बाई म्हणाल्या.

"एमआयडीसीतलं असेल. एखाद्या कारखान्याचं."

"एखाद्या?" इतका वेळ गप्प बसलेल्या येमूल मॅडम बोलल्या, आणि या वेळी मला कान लावावा लागला नाही. "एखाद्या कारखान्याचं नाही, सर. मागच्या नाल्याचं, पाण्याच्या टाकीखालच्या ओढ्याचं, पुढं शेतातल्या तीन विहिरींचं. त्या विहिरींतलं पाणी माणसं पितात. तुमचं नाव घालायला माझी काय हरकत होती? तुम्ही एकदा तिथं आला असता तर मी आधी घातलं असतं."

विभागप्रमुख उठले आणि आपल्या मूळ जागी जायला निघाले. न्यायाधीश बाई म्हणाल्या, "बसा तिथेच. आता तीच जागा बरी आहे."

समितीने शेरा रद्द करण्याची शिफारस केली. शिफारस कुलगुरूंच्या दालनाकडे निघाली. तिच्या दोन पावलं मागे कोण होतं ते सांगत नाही. महिनाअखेरीच्या आदल्या दिवशी येमूल मॅडमच्या हातात नोकरी कायम झाल्याचा आदेश पडला.

यानंतरची गोष्ट मला झोंबली. पुढच्याच आठवड्यात मी आणि हत्तरगे सर कँटीनमध्ये बसलो होतो. येमूल मॅडम विभागातल्या चारचौघांबरोबर आत आल्या. घोळक्यात विभागप्रमुखही होते, काहीतरी विनोद सांगत होते. मॅडम आमच्या टेबलाजवळून गेल्या. सरांकडे त्यांनी मान वर करूनही बघितलं नाही.

"बघितलंत?" मी म्हणालो. "आठ दिवस झाले नाहीत अजून. माणसं अशी असतात."

सरांनी भाकरी दह्यात बुडवली. "मीच सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"ऑर्डर हातात पडली त्या दिवशी पेढे घेऊन आलती. म्हटलं, पोरी, पेढा दे आणि जा. आता मला वळख दाखवायची न्हाय. तक्रार असली तर यायचं, न्हायतर न्हाय." ते पुढचा घास खाऊन मग बोलले. "माझ्यासंगट दिसली की तिच्यावर शिक्का बसला, तक्रारखोर म्हणून. तिला जन्म काढायचाय त्या विभागात. मी काय, दोन वर्सांत जाणार."

"म्हणजे आजवर सगळ्यांनाच..."

"सगळ्यांना. काम झालं की सांगतो."

इतकी वर्षं व्हरांड्यात सरांसमोरून मोबाइलमध्ये बघत निघून जाणारी माणसं मला आठवली. त्यांतले दोघे तर आता विभागप्रमुख होते.

"आणि सगळे ऐकतात?"

"लई चांगली माणसं हायत," सर म्हणाले. "सगळे ऐकतात."

सरांची मंडळी नातवंडांसाठी मुलाकडे बंगळुरात असतात. सर सुट्टीच्या दिवशीही विद्यापीठात येतात. का येतात, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं, आणि त्या दिवशीही विचारलं नाही.

पुढे बरेच दिवस प्लायवूडपलीकडे शांतता होती. मग एका दुपारी दारावर टकटक झाली आणि येमूल मॅडमचा आवाज आला.

"सर, तक्रार आहे."

खुर्ची सरकली. "कसली?"

"महिला शिक्षक कक्षातला पंखा आवाज करतो."

मी वाचत होतो ते पुस्तक मिटलं. महिला शिक्षक कक्षातला पंखा उन्हाळ्याआधीच काढून नेला होता आणि तिथे एसी बसवला होता. हे मला माहीत होतं, कारण तो एसी ज्या अर्जावर बसला त्या अर्जासोबत हत्तरगे सर साऱ्या इमारतीत फिरले होते.

"लई आवाज करतोय?" सरांनी विचारलं.

"लई, सर."

"हं. मग हे गंभीर हाय. बसा. च्या सांगतो." दुसरी खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. "सविस्तर सांगा. सुरवातीपासनं. घाई करू नका."

आणि मॅडम त्या नसलेल्या पंख्याबद्दल सविस्तर सांगू लागल्या.