समोरच्याचा विमा

लग्नात अक्षता पडल्या की आम्ही सगळे पंगतीकडे पळतो. खंडारे काकाजी गाड्यांकडे जातात. मांडवाबाहेरच्या एकेका गाडीचा नंबर सरकारी अॅपवर टाकायचा, चष्मा कपाळावर सरकवून निकाल वाचायचा, आणि ऐन मठ्ठा वाढताना आत येऊन पुकारा करायचा, "काळी मोटरसायकल कोणाची हाय जी? विमा संपून सव्वा महिना झाला!" एकदा ती खुद्द नवरदेवाची निघाली. वरबापाने काकाजींकडे असं पाहिलं, की मी जिलबी तोंडात तशीच धरून बसलो.

दिग्रसला ते आमचे शेजारी. कापसाच्या जिनिंगमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी नागपूरला असते. स्वतःकडे सायकलसुद्धा नाही. गावात पायी, बाहेरगावी एसटी. पण गल्लीतल्या अकराही गाड्यांच्या विम्याच्या तारखा त्यांना तोंडपाठ. कुणाच्या घरी चहाला टेकायचे नाहीत. दारातूनच तारीख सांगून परत फिरायचे. माझा वाढदिवस त्यांना ठाऊक नाही, माझ्या गाडीचा आहे.

मी जुनी मोटार घेतली तेव्हा पेढा हातात घेऊन त्यांनी विचारलं, "कागद?" मी सगळ्यात स्वस्त विमा घेतला होता, थर्ड पार्टी. तो ऐकून पेढा परत डब्यात गेला.

"मास्तर, थर्ड पार्टी म्हणजे तुम्ही कोणाले ठोकलं, तं त्याची सोय. अन् समोरच्यानं तुमाले ठोकलं, त्याचा विमाच नसला, तं?"

"कोर्ट आहे की."

"कोर्ट म्हणन, त्यानंच भरून द्यावं. त्याच्या घरी दोन पातेले निंगाले तं? हुकूम चाटता का? म्हणून आपल्या गाडीचा पूर्ण विमा पाह्यजे. अन् मालकाचा अपघात विमा हाय का, तेही पाहून घ्या."

'समोरच्याचं काय?' हे त्यांचं पालुपद. गल्लीतली पोरं क्रिकेट खेळतानाही एकमेकांना तेच विचारतात. माझं पालुपद 'उद्या करू'. वर्गात मी वेळेचं महत्त्व शिकवतो. घरी ते मला कुणी शिकवू शकलेलं नाही.

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी काकाजी हातात पिशवी घेऊन बाभुळगावला जातात, यवतमाळला एसटी बदलून. कशाला, ते कुणाला माहीत नव्हतं. बायकांनी आपापले अंदाज बांधले होते, ते इथे सांगण्यासारखे नाहीत. गेल्या महिन्यात मलाही त्याच रविवारी बाभुळगावला मेव्हण्याकडे जायचं होतं. म्हटलं, चला माझ्यासोबत.

काकाजी आले. गाडीचं दार उघडण्याआधी त्यांनी मोबाइल उघडला.

"मास्तर, विमा आज राती बाराले संपते."

"संध्याकाळी तर परत येतोय आपण. उद्या करू."

"अन् मुक्काम पडला तं?"

मला राग आला. "मग तुम्ही एसटीनेच जा!"

"मी तं जाईन. पण तुमाले जाऊ देत नाही." आणि ते आमच्या फाटकासमोर, रस्त्यावरच, फतकल मारून बसले. अख्खी गल्ली गॅलरीत आली. मी दातओठ खात तिथेच मोबाइलवर विमा भरला. मगच ते उठून गाडीत बसले.

बाभुळगावला बसस्टँडमागच्या एका घरासमोर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. आत पन्नाशीच्या एक बाई शिलाई मशीनवर बसल्या होत्या. उजवा पाय गुडघ्यातून वळत नसावा, तो स्टुलावर सरळ ठेवला होता. मशीनला पायाने चालवायचं पेडल नव्हतं. बाजूला मोटर बसवलेली होती.

"ह्या सुशीलाबाई," काकाजी म्हणाले. मग तारीख सांगतात त्याच आवाजात म्हणाले, "पायी जात होत्या, माह्याच मोटरसायकलनं ठोकलं. विमा संपून आठ दिवस झालते. करू करू म्हणत राह्यलो. तो समोरचा म्हणजे मीच, मास्तर."

 सकाळी मी ह्या माणसावर ओरडलो होतो, ह्याची लाज वाटली. काकाजींनी मात्र उत्तराची वाट पाहिली नाही. पिशवीतून पाने-पेचकस काढून ते मशीनखाली वाकले.

सुशीलाबाई मला पाणी द्यायला लंगडत ओसरीवर आल्या. हळूच म्हणाल्या, "कोर्टानं सांगतलं ते गाडी इकून, पगारातून सारं भरलं भाऊनं. मोटरही त्यायनंच बसवली. माह्या मनात आता काही नाही जी."

"पण मशीन दर महिन्याला बिघडतं?"

त्यांनी आत एक नजर टाकली. "मशीनले काही होत नाही. शनिवारी मीच पट्टा ढिला करून ठेवते. काम नसलं का हा माणूस दारातूनच परत जाते. घरी एकटाच हाय, कोण वाढते त्याले?"

आत मशीन घरघरलं. काकाजी हात पुसत उठले, समाधानाने म्हणाले, "आता महिनाभर पाहा लागत नाही."

"हो भाऊ. आता बसा, जेवूनच जा."

आणि काकाजी मुकाट्याने पाटावर बसले.