दिगंबरमामांची मागची खोली

सेनगावात पाहुणा आला की आधी पाणी देतात. आमचे शेजारी दिगंबरमामा आधी त्याचा गाल भिंतीला लावतात.

"सांगा. तापली का भिंत?"

मामा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. नव्या घराला हरित इमारतीचं प्रमाणपत्र घ्यायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. ते कसं मिळतं हे गल्लीतल्या प्रत्येक नवख्याला समजावत. "आधी नोंदणी, मंग पाया. लोक घर बांधून इचारतात, आता काय करू? आता वास्तुशांत कर! पाणी, वीज, सामान, हवा, साऱ्याचे गुण वेगळे. हरेक गुणाला कागद. तपासणारे शंका काढतात, आपण खुलासा करायचा. गुण जमले की दर्जा भेटला."

माझ्या बायकोनं वरण आणून "ताजं हाय मामा" म्हटलं, तरी मामा म्हणाले, "पुरावा?"

मागची खोली मात्र ते कुणाला दाखवत नसत. गल्लीतल्या बाया म्हणत, आत कुणीतरी धापा टाकतं.

मेमधल्या एका दुपारी अर्जासाठी त्या खोलीचे फोटो हवे होते, म्हणून त्यांनी मला बोलावलं. बाहेर लिंबाचं पान हलत नव्हतं. आत पाऊल टाकलं आणि अंगावर काटाच आला. गार हवा. कोऱ्या रंगाला वास नाही. एक खाट, धुतलेली चादर, उशीत खळगा. तेवढ्यात भिंतीतून श्वास आला. लांब, मध्येच अडलेला, मग सुटलेला.

"मामा!"

"हवा हाय. जमिनीखालच्या नळातून गार येती, छपराच्या नळीतून गरम जाती."

"बाहेर तर वारं न्हाई."

"वारं काहून पाहिजे? तापली की आपोआप वर चढती."

मान हलवली, पण फोटो मी दारातूनच काढले.

महिन्याभरानं मामा तपासणाऱ्यांची शंका घेऊन आले. अर्जात राहणारी माणसं दोन, कागद एकाचेच. खुलासा करा.

"मामा, घरात तर तुमी एकटेच."

मामांनी चष्मा काढला. "थोरली बहीण होती. आक्का. दमा होता तिला. तिकडं जुन्या घरावर पत्रे; उन्हाळाभर उंबऱ्यात बसून श्वास ओढायची. नोंदणी केली तवा होती. म्हणली, दिगू, खिडकीकडची बाजू माझी. पाया भरला अन् गेली."

"मग एक लिहा. न्हाईतर गुण कापतील."

"कापू द्या."

खुलासा त्यांनी सांगितला, मी टाइप केला. 'नोंदणीच्या वेळी दोघं होतो. एक वारली. खोली तिचीच आहे.'

प्रमाणपत्र आलं. एक पायरी खालचं. मामांनी ते बैठकीत लावलं नाही. मागच्या खोलीत, खाटेवर पडल्या पडल्या वाचता येईल, इतक्या खाली त्यांनी खिळा ठोकला.