झोपून बघायचा टॅब

बाबांना टॅब घ्यायचा हे आमच्या घरात सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ठरलं आणि सात वाजून अकरा मिनिटांनी ती जबाबदारी मी अंगावर घेतली. मधल्या एका मिनिटात बायको म्हणाली होती, की शाळेतून येताना तीच घेऊन येईल, दुकान शाळेला लागूनच आहे. टॅब म्हणजे काय कोथिंबीर आहे, येताना घेऊन यायला, असं मी तिला विचारलं. (कोथिंबीर आणायचं काम माझ्याकडून काढून घेतलं त्याला आता चार वर्षं झाली.)

प्रकरण साधं नव्हतं. माळ्यावरचा पंखा उतरवताना बाबा स्टुलावरून पडले आणि त्यांचा उजवा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. हाडांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही. उठले आणि हाड सरकलं, तर पाय चिरावा लागेल, आणि मग या वयात चालण्याची खात्री देता येणार नाही. आता आमचे बाबा म्हणजे छत्तीस वर्षं दारोदार फिरून विजेचे मीटर वाचलेला माणूस. जेवायला बसले तरी त्यांचे पाय टेबलाखाली चालत असतात. प्लास्टरच्या दुसऱ्याच दिवशी ते दोनदा पलंगाच्या कडेपर्यंत पोचले. बायकोनं वेळेवर धरलं म्हणून निभावलं. त्यांना खिळवून ठेवेल असं काहीतरी हातात देणं भाग होतं. लहानसा, दहा हजारांच्या आतला टॅब. एका संध्याकाळचं काम.

मी ऑफिसात विषय काढला. (इथे चुकलं.) आवक-जावक बघणारा म्हणाला, रॅम कमी नको. रोखपाल म्हणाले, रॅम गेली खड्ड्यात, बॅटरी बघा. साहेबांनी तर महिन्याभराची तुंबलेली फाईल बाजूला सारून स्क्रीनच्या उजेडावर वीस मिनिटं मार्गदर्शन केलं. पाच वाजेपर्यंत माझ्याकडे चौदा मॉडेलांचा तक्ता तयार होता आणि डाव्या डोळ्याची पापणी उडायला लागली होती.

दुकानात विक्रेत्यानं टॅब हातात दिला. छान वाटला. पण बाबा कुठे उभ्यानं बघणार होते? ते उताणे पडून बघणार.

"आडवं व्हायला कुठे जागा आहे का?" मी विचारलं.

"फर्निचर वरच्या मजल्यावर."

शेवटी मी गिऱ्हाइकांच्या बाकावरच आडवा झालो आणि टॅब तोंडावर धरला. मिनिटाभरात एका कनवाळू बाईंनी माझ्या तोंडावर पाणी मारलं. (टॅबवरही. त्यानंतर विक्रेता माझ्याशी फारसा मोकळेपणानं बोलला नाही.)

पण तिथे पडल्या पडल्या मला साक्षात्कार झाला होता. रॅम नव्हे, बॅटरी नव्हे, खरं महत्त्वाचं ते वजन. दुसऱ्या दिवशी मी सुतार गाठला आणि सात, आठ आणि दहा इंची अशा तीन फळ्या कापून घेतल्या. मागे पत्र्याचे तुकडे ठोकून त्यांचं वजन कंपन्यांनी दिलेल्या आकड्याशी ग्रॅम-ग्रॅम जुळवलं. फळ्या कशावर बसवायच्या, असं सुतारानं विचारलं. मी म्हटलं, नाकावर. त्यानं मजुरी आधी मागून घेतली.

बाबांच्या पलंगाशेजारी गादी घालून मी चाचणीला सुरुवात केली. बाबा मनगटावरच्या घड्याळात वेळ मोजायचे. सात इंची फळी अकरा मिनिटं तरली. दहा इंची पाचव्या मिनिटाला हातातून सुटली आणि असा आवाज झाला, की शेजाऱ्यांनी आपलंच दार वाजलं समजून दार उघडलं.

"चार मिनिटं बावीस सेकंद," बाबा म्हणाले आणि वही मागून घेतली. त्यात त्यांनी जुन्या सवयीनं रकाने आखले: मागचं रीडिंग, चालू रीडिंग, फरक. पहिली नोंद माझ्या नाकाची.

तेव्हापासून बाबा माझी वाट बघायला लागले. साडेपाचच्या आत बायकोला तीनतीनदा विचारायचे, आला का. टॅबसाठी त्यांचा जीव किती कासावीस होतोय, या विचारानं मी आणखीच सैरभैर झालो. कुशीवर झोपून बघितलं, चष्मा लावून बघितलं, दोन उशा घेऊन बघितलं. एक टॅब मागवला आणि त्याची नवी आवृत्ती येतेय असं कळल्यावर तो पोचायच्या आत रद्द केला. दुसरा मागवला, तो पाठीमागचा रंग बाबांना उदास वाटेल म्हणून परत पाठवला. (बाबा स्क्रीन बघणार होते. पण सगळ्या बाजूंनी विचार करावा लागतो.)

सहाव्या आठवड्यात बायकोचा संयम संपला. "अहो, उद्या बाबा उठले आणि पाय गेला, तर काय दाखवणार आहात त्यांना? तक्ता?"

मी तसाच चपला घालून गेलो आणि शाळेशेजारच्या दुकानातून समोर दिसला तो पहिला टॅब उचलला.

दुसऱ्या दिवशी प्लास्टर कापलं. हाड इतकं सरळ जुळलं होतं, की डॉक्टर फोटो दोनदा उजेडात धरून बघत राहिले. म्हणाले, या वयाचे पेशंट चौथ्या दिवशी कुणाचं न ऐकता उठतात. यांना सहा आठवडे कशानं धरून ठेवलं?

मी विनयानं टॅबचा खोका पुढे केला.

"ते कालच आलंय," बाबा म्हणाले. "सील तरी फोड." मग माझ्याकडे हात करून डॉक्टरांना म्हणाले, "हा रोज साडेपाचला सुरू व्हायचा. पलंग सोडून कुठे जाणार? एखाद्या दिवसाचं बघायचं राहिलं असतं."

डॉक्टर बराच वेळ माझं नाक बघत होते. मग माझ्याशी एक शब्द न बोलता त्यांनी बायकोला सांगितलं, की बाजारामागच्या गल्लीत एक निवृत्त पोस्टमन आहेत, परवाच प्लास्टर घातलंय, एक मिनिट स्वस्थ पडत नाहीत. "हे संध्याकाळी मोकळे असतात का?"

"सोमवारपासून पाठवते," बायको म्हणाली.

बाबांनी पत्ता नीट विचारून घेतला. काठी घेऊन रोज तिथवर चालत जाता येईल का, एवढंच त्यांना बघायचं होतं.